हलक्या वजनाचा जगज्जेता : जिमी वाइल्ड



आज एका बॉक्सरची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी मुलांची यादी करत होतो. सातवीतला एक मुलगा रोज मैदानावर सगळ्यात आधी हजर असायचा. अंगाने अगदी काडी, प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. मी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि नाव राखीव खेळाडूंमध्ये लिहून टाकलं. त्याला एकदाही खेळवून पाहिलं नाही. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मैदानावर यायचा बंद झाला. आपण सगळेच कधी ना कधी असं करतो. अंगापिंडाने मोठा तो खेळाडू, आणि लहान तो पाणी द्यायला, असा हिशोब नकळत डोक्यात बसलेला असतो.

मोठ्यांच्या खेळातही हाच हिशोब चालतो. बॉक्सिंग म्हटलं की लोकांना हेवीवेटचे पहेलवान आठवतात. पन्नास किलोच्या गटातला जगज्जेता कोण, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. हलक्या वजनाच्या लढती म्हणजे मुख्य जेवणाआधीचं चटणी-कोशिंबीर, असाच समज. हा समज किती खरा, हे बघायचं असेल तर जिमी वाइल्डच्या आयुष्यासारखा दुसरा धडा नाही.

कोळशाच्या खोऱ्यातलं बालपण

जिमी वाइल्डचा जन्म १५ मे १८९२ रोजी वेल्समध्ये झाला. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला असलेला, ब्रिटनचाच डोंगराळ भाग. त्याच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यांत त्या काळी कोळशाच्या खाणीच खाणी होत्या. त्यातल्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउन या गावात जिमी वाढला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाणीचा धुराडा आणि मध्ये एकाला एक चिकटलेली घरं, असं ते गाव. वडील खाणकामगार. घरची परिस्थिती त्या भागातल्या सगळ्यांसारखीच, म्हणजे हातावर पोट.

त्या गावातल्या मुलांना पुढे काय व्हायचं हे निवडायची मुभा फारशी नव्हती. जरा मोठं झालं की खाण. जिमीही पोरवयातच खाणीत उतरला. इथे त्याच्या अंगकाठीचा पहिला उपयोग झाला. कोळशाचा थर जिथे अगदी अरुंद असतो, मोठा माणूस जिथे शिरूच शकत नाही, अशा फटींतून हा पोरगा सरपटत जायचा. आडवं पडून, एका कुशीवर होऊन कोळसा फोडायचा. पाय पसरायला जागा नाही, हात मागे न्यायला जागा नाही. अशा ठिकाणी फटका मारायचा तर नुसत्या दंडाच्या जोरावर भागत नाही. कंबर, खांदा आणि मनगट एकाच क्षणी कामाला लावावं लागतं.

पुढे त्याच्या ठोशाचं सगळ्या जगाला नवल वाटलं, तेव्हा या खाणीतल्या वर्षांची आठवण अनेकांनी काढली. मला स्वतःला हे पटतं. आपल्याकडेही लहानपणापासून विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या किंवा घण मारणाऱ्या माणसाच्या हाताला जी जान असते, ती व्यायामशाळेतल्या आरशासमोर येत नाही.

जत्रेतला तंबू हीच शाळा

त्या काळी ब्रिटनमध्ये गावोगावच्या जत्रांत बॉक्सिंगचे तंबू लागत. तंबूवाला बाहेर फळीवर आपले दोन-चार बॉक्सर उभे करायचा आणि गर्दीला आव्हान द्यायचा. आमच्या गड्यापुढे अमुक फेऱ्या टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा, असा तो मामला. आपल्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडासारखंच, फक्त इथे तिकीट काढून आत जायचं. समोर कोण येईल याचा नेम नाही. खाणकामगार, शेतमजूर, गोदीतले हमाल, कोणीही. वजनाचा काटा तिथे नव्हताच.

सोळाव्या वर्षाच्या आसपास जिमी अशा तंबूत उभा राहू लागला. उंची पाच फूट दोन-अडीच इंच, चेहरा फिकट, हातपाय बारीक. त्याला फळीवर बघून लोक हसत. याला तर मी एका हाताने झोपवीन, असं वाटून भलेभले पुढे येत आणि थोड्या वेळाने जमिनीवर बसलेले असत. त्याच्यापेक्षा वीस-वीस किलोंनी जड माणसांशी तो लढला. एकेका दिवसात अनेक लढती व्हायच्या. त्यातल्या बहुतेकांची कुठे नोंदच नाही, म्हणून त्याच्या एकूण लढतींचा आकडा आजही नीट सांगता येत नाही.

या शाळेत त्याला एक गुरूही मिळाला. डाय डेव्हिस हा स्वतः जुना तंबूतला बॉक्सर. त्याच्याकडून जिमीने डाव शिकले. पुढे १९१० मध्ये त्याच्याच मुलीशी, एलिझाबेथशी, जिमीचं लग्न झालं.

वजनगट म्हणजे सवलत नव्हे

आता थोडं थांबून वजनगटांबद्दल बोलू या, कारण मुलांना हे नीट सांगणं गरजेचं आहे.

पूर्वीच्या काळी बॉक्सिंगमध्ये विजेता म्हणजे सगळ्यांना पाडणारा, एवढंच होतं. साहजिकच मोठ्या देहाचा माणूस पुढे यायचा. हळूहळू वेगवेगळे गट पडत गेले, पण प्रत्येक ठिकाणचे आकडे वेगळे. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट नक्की केले. त्यातला सगळ्यात हलका तो फ्लायवेट. फ्लाय म्हणजे माशी. नावातच किती मान दिला होता बघा! या गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे साधारण ५०.८ किलो.

पुष्कळांना वाटतं की वजनगट ही लहानांना दिलेली सवलत आहे. मोठ्यांशी जमत नाही ना, मग तुम्ही आपले वेगळे खेळा, अशी. पण जरा विचार करा. आपण परीक्षेत सातवीच्या मुलाला दहावीचा पेपर देत नाही, याला कोणी सवलत म्हणत नाही. ज्याची त्याची कसोटी योग्य मापाने व्हावी, एवढाच त्यात हेतू असतो.

आणि हलक्या गटात खेळ सोपा होतो असंही नाही. रिंग तीच. एक फेरी तीन मिनिटांचीच. जिमीच्या काळात ब्रिटनमधली विजेतेपदाची लढत वीस फेऱ्यांची असे, ती हेवीवेटलाही आणि फ्लायवेटलाही. आजच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तर हलक्या गटातले खेळाडू सहसा आठ औंसांचे हातमोजे घालतात आणि जड गटातले दहा औंसांचे. म्हणजे हलक्यांच्या मुठीवर गादी कमीच. शिवाय हलका खेळाडू जास्त वेगाने हलतो आणि एका फेरीत जास्त ठोसे मारतो. त्याला दम खायला फुरसत कमी मिळते.

हातात हातोडा घेतलेलं भूत

व्यावसायिक बॉक्सर झाल्यावर जिमीने एकामागून एक लढती जिंकायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं वजन फ्लायवेटच्या मर्यादेपेक्षाही पुष्कळ कमी होतं. अनेकदा ते १०० पौंडांच्या, म्हणजे ४५ किलोंच्या, आसपासच असे. सगळे कपडे अंगावर ठेवून तो काट्यावर उभा राहिला तरी काटा हद्दीच्या आतच राहायचा, असं सांगतात. म्हणजे सगळ्यात हलक्या गटातही तो सगळ्यात हलका होता!

त्याची लढण्याची तऱ्हाही पुस्तकी नव्हती. बॉक्सिंग शिकवणारे सांगतात की हात वर, हनुवटीजवळ ठेवा. जिमीचे हात कमरेजवळ लोंबत असत. समोरच्याला वाटायचं की पोरगा उघडा पडलाय. तो ठोसा मारायला जायचा तेवढ्यात जिमी कमरेतून वाकून बाजूला झालेला असे आणि खालून त्याचा ठोसा आलेला असे.

आता विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक मुद्दा. एवढ्या हलक्या माणसाच्या ठोशात एवढी ताकद कुठून? ठोसा हातातून निघतो असं आपल्याला दिसतं, पण तो खरा निघतो पायातून. पाय जमिनीला रेटा देतो, तो कमरेच्या वळणातून खांद्यात जातो आणि शेवटी मुठीत येतो. या साखळीतली एक कडी जरी उशिरा हलली तरी जोर वाया जातो. शिवाय वेगाचा हिशोब आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वस्तुमान एकदाच येतं, पण वेगाचा वर्ग येतो. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. जिमीकडे वस्तुमान नव्हतं, पण वेग होता आणि अचूक वेळ साधण्याची नजर होती. समोरचा पुढे येत असतानाच तो मारायचा, म्हणजे समोरच्याचा वेगही त्याच्याच कामी यायचा.

म्हणूनच त्याला टोपणनावं पडली ती अशी: बलाढ्य अणू, आणि हातात हातोडा घेतलेलं भूत. त्याने जिंकलेल्या लढतींपैकी शंभराच्या आसपास लढती त्याने प्रतिस्पर्ध्याला गारद करून जिंकल्या. हलक्या वजनात दणका नसतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिली मोठी हार आणि १९१६ चं वर्ष

नोंदींप्रमाणे शंभराहून जास्त लढती जिमी हरला नव्हता. मग २५ जानेवारी १९१५ आली. लंडनमध्ये स्कॉटलंडच्या टॅन्सी ली याच्याशी लढत होती. जिमीची तब्येत बरी नव्हती, अंगात फ्लूचा ताप होता. तरीही तो उतरला. लीने त्याला सोडलं नाही. सतराव्या फेरीत लढत थांबली आणि जिमी हरला.

एवढी वर्षं जिंकत आलेला माणूस पहिल्यांदा असा मोडला की दोनच वाटा उरतात. कारणं सांगत बसायचं, किंवा परत काट्यावर उभं राहायचं. जिमीने दुसरी वाट धरली. १४ फेब्रुवारी १९१६ रोजी त्याने जो सिमंड्सला बाराव्या फेरीत हरवलं. त्याच वर्षी जून महिन्यात पुन्हा टॅन्सी ली समोर आला. या वेळी अकराव्या फेरीत ली हरला.

आणि १८ डिसेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये अमेरिकेहून आलेल्या यंग झुलू किडशी त्याची गाठ पडली. नाव काहीही असो, हा मूळचा इटालियन बॉक्सर होता आणि उंचीने जिमीपेक्षाही बुटका. अकराव्या फेरीत जिमी जिंकला. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना मान्य झालेला पहिला फ्लायवेट जगज्जेता म्हणून इतिहास त्याला ओळखतो तो या लढतीमुळे. पुढच्या वर्षी ब्रिटनचा मानाचा लॉन्सडेल पट्टाही कायमचा त्याच्या घरी आला.

म्हणजे बघा, सात वर्षांपूर्वी हा गट कागदावर आखला गेला नसता, तर खाणीतल्या या पोराचं नाव जत्रेच्या तंबूबाहेर गेलंही नसतं. माप योग्य मिळालं, म्हणून माणूस दिसला.

मोठ्यांशी झुंज, आणि तिची किंमत

पहिलं महायुद्ध चालू होतं. जिमी सैन्यात शारीरिक शिक्षणाचं काम करत होता. युद्धानंतर १९१९ मध्ये लंडनला त्याची लढत न्यूयॉर्कच्या जो लिंचशी झाली. लिंच वरच्या, म्हणजे बॅन्टमवेट गटातला. उंच आणि जड. जिमी गुणांवर जिंकला आणि ब्रिटनच्या युवराजाने रिंगमध्ये येऊन त्याचं अभिनंदन केलं. कोळशाच्या फटीत सरपटणारा पोरगा कुठे पोचला!

इथपर्यंत गोष्ट ऐकून आपल्याला वाटतं, व्वा, लहान असून मोठ्यांना पाडलं, म्हणून हा मोठा. त्याची स्तुती करणारे बहुतेक जण असंच लिहितात. पण माझ्या मते इथेच आपण चुकतो. पुढचं ऐका.

१३ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पीट हर्मनशी लढत ठरली. हर्मन हा अमेरिकेचा, नुकताच बॅन्टमवेट जगज्जेता असलेला, अतिशय कसलेला बॉक्सर. वजन कधी करायचं यावरून वाद झाला. हर्मन त्या दिवशी जिमीपेक्षा कितीतरी जड होता आणि या अटीवर लढायला जिमी तयार नव्हता. पण सभागृह भरलं होतं. युवराज येऊन बसले होते. शेवटी नाही म्हणवलं नाही आणि तो उतरला. वय अठ्ठावीस, पाठीमागे अगणित लढतींचा मार. सतराव्या फेरीत हर्मनने त्याला पुन्हा पुन्हा दोरांवर पाडलं आणि पंचांनी लढत थांबवली.

त्या रात्री जिमीच्या हिमतीत काही कमी नव्हतं. कौशल्यातही फार कमी नसावं. कमी होते ते किलो. समान कौशल्याचे दोघे जण समोर आले की जास्त वजन जिंकतं, हे साधं सत्य आहे. वजनगट का हवेत, याचं याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही. लहान माणसाने मोठ्याला हरवलं तरच तो मोठा, अशी अट आपण घातली, तर त्याला आयुष्यभर अल्बर्ट हॉलसारख्या लढतीत ढकलत राहतो.

शेवटची लढत

हर्मननंतर जिमी जवळपास थांबलाच होता. पण जगज्जेतेपद अजून त्याच्याच नावावर होतं. १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर तो शेवटचा उतरला. समोर होता फिलिपिन्सचा पँचो व्हिला, खरं नाव फ्रान्सिस्को गिलेडो. जिमी एकतीस वर्षांचा, व्हिला ऐन विशीतला. दुसरी फेरी संपल्याची घंटा झाल्यावरही एक जबर ठोसा जिमीला बसला. त्यानंतर तो सावरलाच नाही. तरी सातव्या फेरीपर्यंत उभा राहिला. मग कोसळला. ही त्याची अखेरची लढत.

व्हिला हा आशियातून आलेला पहिला बॉक्सिंग जगज्जेता. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. तिथल्या एका गरीब घरातल्या, बारक्या चणीच्या मुलाला जगाच्या व्यासपीठावर उभं राहता आलं, ते कोणत्या दारातून? त्याच माशीच्या नावाच्या गटातून. हेवीवेटचं एकच दार ठेवलं असतं, तर अर्ध्याअधिक जगातली माणसं बाहेरच राहिली असती. दुर्दैवाने व्हिलाही फार जगला नाही. दाढेतला जंतुसंसर्ग पसरून १९२५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो गेला.

जिमी निवृत्त झाला. वर्तमानपत्रात बॉक्सिंगवर लिहू लागला, पुस्तकं लिहिली. कमावलेला पैसा व्यवसायात टिकला नाही. वेल्सच्या बॅरी गावात त्याने छोटं कॅफे चालवलं. १९६५ मध्ये कार्डिफच्या रेल्वे स्टेशनवर या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला लुटारूने मारहाण केली, आणि त्यातून त्याची तब्येत पुन्हा सुधारली नाही. पत्नी त्याच्या आधी गेली. १० मार्च १९६९ रोजी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं. आजही फ्लायवेटमधला सर्वांत श्रेष्ठ कोण, अशी चर्चा निघाली की पहिल्या काही नावांत त्याचं नाव असतंच.

आपल्या मातीतलं उदाहरण

आता कोणी म्हणेल, वेल्सची गोष्ट आम्हाला कशाला? म्हणून घरचीच आठवण करून देतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गट कोणता? बॅन्टमवेट, ५७ किलो. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले होते. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं, असं सांगितलं जातं. त्या शिक्षकाने विद्यार्थ्याचं वजन पाहिलं नाही, त्याची कुस्ती पाहिली.

पुढचं वैयक्तिक पदक भारताला मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. म्हणजे ४४ वर्षं हा हलक्या वजनाचा एकच माणूस आपली लाज राखून होता. आणि तरी खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे मानाची गदा जड गटातल्या मल्लाच्या खांद्यावर जाते. तिचा मान आहेच, कोणी नाकारत नाही. पण हलक्या गटातल्या मल्लाची कुस्ती चालू असताना आपण चहा प्यायला उठतो, ते काही बरोबर नाही.

वर्गात आणि घरात काय करता येईल?

१. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलांच्या जोड्या लावताना उंची-वजन बघून लावा. मग लहान मुलाचंही कौशल्य आपल्याला दिसेल आणि त्यालाही ते कळेल.

२. एवढासा असून किती छान खेळला, असं कौतुक शक्यतो टाळा. नुसतं छान खेळला म्हणा. त्या एवढासा शब्दाने मुलाला आपण अर्धेच गुण देतो.

३. पालकांसाठी फार महत्त्वाचं. हलक्या गटात बसवायला मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, घाम गाळायला लावणं, हे अजिबात करू नका. वाढत्या वयात ते धोक्याचं आहे. जिमी त्या गटात होता कारण तो मुळातच तेवढा होता. मुलाचं जे सहज वजन, तोच त्याचा गट.

४. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो, हे मुलांपासून लपवू नका. जिमीची शेवटची लढत सांगताना हेही सांगा. धाडसाबरोबर थांबायचं कधी, हेही शिकवायला हवं.

५. मुलांना चर्चेला हे प्रश्न द्या: वजनगट नसते तर कोणकोणत्या देशांतले खेळाडू आपल्याला कधीच दिसले नसते? अल्बर्ट हॉलमध्ये जिमीने लढायला नकार दिला असता तर तो भित्रा ठरला असता का? कोळशाच्या खाणीत त्याला जे शिकायला मिळालं, ते मिळवण्यासाठी लहान मुलांना खाणीत पाठवणं योग्य होतं का?

शेवटचा प्रश्न जरूर विचारा. मुलं त्यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

सुरुवातीला सांगितलेला तो सातवीतला मुलगा आता मोठा झालाय. मध्यंतरी रस्त्यात भेटला, नमस्कार केला, बोलला. मी त्या यादीचा विषय काढला, तर त्याला ती नीट आठवत होती. मला मात्र त्या वर्षी संघात कोणकोण मोठी मुलं होती, त्यातलं एकही नाव आठवेना. तेव्हापासून यादी करताना मी आधी मैदानावर जाऊन उभा राहतो, सगळ्यांना खेळवून बघतो, आणि मगच पेन काढतो.

आपल्या वर्गातही असा एखादा असेल. या आठवड्यात त्याला एकदा खेळवून बघा.